मायाचं मधलं पाऊल

...नाही, तुम्हीच सांगा मला! पोरगी इथे बसलेली आहे, या स्टुलापाशी, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच थेट टीव्हीपाशी उभी! मग मधलं कुठं गेलं? उडत गेली? तर म्हणे कॅमेरा अडकतो! अहो, दार अडकतं, पदर खिळ्याला अडकतो, कॅमेरा भिंतीत चार स्क्रू मारून बसवलाय, तो कुठे जातोय अडकायला?

तुम्हाला सांगते, कॅमेरा घेतला तो चोरांसाठी. म्हणजे चोर बघायला. आम्ही बदलापूरला, कुळगावात राहतो, आमच्या बिल्डिंगमध्ये दोन हजार आठच्या दिवाळीत दोन घरं फुटली. झालं, आमचे हे, भीमराव, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेत आणि तेव्हापासून घरात मला एकटीलाच कामगार समजतात, हे गेले उल्हासनगरला, हरेशभाईच्या दुकानातून कॅमेरा घेऊन आले. दाराकडे तोंड करून लावला. सहा महिन्यांत त्यात चोर एक नाही दिसला, दूधवाला दिसला रोज!

मग आमच्या वैष्णवीला मस्कतच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. जावई आधीपासून तिकडे गाडी चालवतात, दोघांच्या ड्युट्या बारा-बारा तासांच्या, तान्ही पोर कोण बघणार? दहा महिन्यांची माया आमच्याकडे ठेवली आणि गेली. विमानतळावर रडली नाही हो! मला वाटलं, काय दगड पोरगी जन्माला घातली मी. घरी येऊन मायाचे कपडे आवरते तर एक झबलं कमी. पर्समध्ये घालून घेऊन गेलेली... न धुतलेलं.

त्याच दिवशी मी स्टुलावर चढले आणि कॅमेऱ्याचं तोंड हॉलकडे फिरवलं. चोर गेले खड्ड्यात! इंटरनेट घेतलं, हरेशभाईने जोडून दिलं, आता वैष्णवी तिकडे एकला जेवायला सुटली की कॉम्प्युटर उघडून लेक बघते. तिथला एक म्हणजे आपले अडीच. रोज अडीचला मायाचं तोंड पुसायचं, काजळ घालायचं, सतरंजीवर बसवायचं. पण चित्र! चित्र अस्सं थांबतं, मग एकदम उडी मारतं, मग परत थांबतं. लगेच फोन.

"आई, माया चालली की तू उचलून ठेवलीस?"

"रांगत गेली गं."

"मला नाही ना दिसली! बसलेली दिसली, एकदम उभी दिसली, मधलं कुठं गेलं?"

आणि एक दिवस फोनवर हळूच बोलली, "आई, आता ती कधीपण पाऊल टाकेल. मला वर्षभर सुट्टी नाही. बाकी काही नको, पहिलं पाऊल तेवढं दिसू दे."

आता असं बोलल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरेल?

लागले मी मागे. चौथी शिकलेली बाई, पण लागले! काच पदराने पुसली. काही नाही. वायर ओढून ताठ केली. काही नाही. हे बोलले, "व्होल्टेज कमी आहे," आणि फ्रीजचा स्टॅबिलायझर काढून कॅमेऱ्याला लावला. फ्रीज बंद, दूध नासलं, कॅमेरा तसाच! शेवटी हरेशभाईला फोन केला, तर तो काय बोलतो, "दीदी, देखो, चित्रात जितना हिलेगा ना, उतना माल जास्ती जाणार, और तुमची लाइन बारीक. हलणारी चीज कमी करा!"

एवढंच ना? पंखा बंद केला. मे महिना आहे, दुपारचे अडीच वाजलेत, पंखा बंद! पडद्याला पिना मारल्या, कॅलेंडर चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलं. ह्यांना खुर्चीत बसवलं, मी बोलले, "हलायचं नाही."

"पेपर तरी वाचू?"

"वाचा, पण पान उलटायचं नाही."

"अगं, मग वाचू काय?"

"एकच पान वाचा! नीट वाचा! जन्मात कधी नीट वाचलंय?"

माणूस घामाने निथळतोय, एकाच जाहिरातीकडे अर्धा तास बघतोय. वैष्णवीचा फोन, "आई, बाबांना बरं नाहीये का? हलतच नाहीत!" मी बोलले, बाबांचं सोड, माया दिसली? "नाही गं. स्टुलापाशी होती, मग एकदम बाबांच्या पायापाशी. मधलं कुठं गेलं?"

बरं, मला धास्ती वेगळीच. ही कार्टी सकाळी दहाला चालली तर? बघायला कोण आहे दहाला? म्हणून दिवसभर हिला चालू द्यायची नाही. उभी राहिली की बसव. पलंगाला धरून पाय उचलला की घे कडेवर. माझी कंबर गेली, हिने भोकाड पसरलं. तुम्ही म्हणाल, कसली ही आजी, लोकांच्या आज्या बोट धरून चालवतात, ही बसवून ठेवते! बसवते! माझ्या लेकीसाठी बसवते, तुमचं काय जातंय?

शेवटी हरेशभाई स्वतः आला. कॉम्प्युटरवर टकटक केलं, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. "दीदी, ये क्या लगा रखा है? ग्यारह लोग देख रहे हैं!"

"कोण अकरा? पासवर्ड वैष्णवीकडे आणि आमच्या दोघांकडे..."

आणि माझी मान सावकाश फिरली ह्यांच्याकडे. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या दिवशी मात्र भराभरा पानं उलटत होते!

"अहो?"

"मी कुण्णाला सांगितलं नाही." मग बारीक आवाजात, "फक्त विहाराच्या फळ्यावर लिहिलं."

ऐका! हे आमच्या विहाराच्या मंडळाचे सेक्रेटरी. फळ्यावर लिहितात सुंदर, हे मी नाकारत नाही. वर लिहिलेलं, रविवारी सकाळी आठ वाजता वंदना, सर्वांनी पांढऱ्या वस्त्रात वेळेवर यावे. त्याखाली, सर्व उपासक-उपासिकांनी सेक्रेटरींची नात घरबसल्या पाहावी, वेळ दुपारी अडीच. त्याखाली कॅमेऱ्याचा इंटरनेटवरचा पत्ता, पासवर्ड, आणि त्याखाली सही! सही केली हो माणसाने!

म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची बकुळा बघतेय, आमचे धाकटे दीर जयदेव वांगणीला सायबर कॅफेत बसून बघतायत, ह्यांच्या कारखान्यातले चौघे बघतायत, आणि बाकीचे तर कोण ते ह्यांनाही माहीत नाही! अहो, बारीक नळाला अकरा बादल्या लावल्यावर माझ्या पोरीच्या वाट्याला काय येणार? मी रोज विचारतेय मधलं कुठं गेलं, मधलं कुठं गेलं... ते वांगणीला गेलं होतं!

हरेशभाईने पासवर्ड बदलला. मला कानात सांगितला. ह्यांना नाही. दुसऱ्या दिवशी वैष्णवीचा फोन, "आई... मायाने जांभई दिली, ती पूर्ण दिसली गं." मग ती जांभई तिने मला तीनदा सांगितली. आयएसडीचं बिल चढत होतं, चढू दे.

पण लोक गप्प बसतात? बकुळा आली, "अंजनाताई, आमचं बंद केलंत? आम्ही काय दृष्ट लावणार होतो?" जयदेव वांगणीहून करवंदांची पाटी घेऊन हजर, "वहिनी, ऐन रंगात आलं आणि तुम्ही बंद पाडलंत!" कारखान्यातले आले. आणि यायची वेळ? सगळ्यांना एकच सवय लागलेली... अडीच! घरात आलेल्याला बाहेर कसं काढायचं? चहा टाकला.

आणि तेवढ्यात मायाने स्टूल सोडलं. हात दोन्ही वर. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसरं! आणि सगळे उठले ना, टाळ्या काय, "चालली चालली" काय, गोल करून उभे राहिले!

फोन वाजला. मी धावले. "दिसलं? वैष्णवी, दिसलं का गं?"



"चित्र एकदम मस्त आहे आई. जरापण अडकलं नाही. सात पाठी दिसल्या."

मी सगळ्यांना बाजूला ढकललं, मायाला परत स्टुलाला धरून उभी केली, "चाल गं बाय, तुझी आई बघतेय." ती बसली. बसली ती बसलीच, जयदेवची करवंदं चिवडत! शिकवलं मीच ना, बसायला?

"राहू दे आई," वैष्णवी बोलली, "जेवायची सुट्टी संपली माझी. आणि ऐक, बकुळामावशीच्या ब्लाऊजची पाठीवरची शिवण उसवलीये, सांग तिला."

काय करणार... सांगितलं. आणि बसले सुईदोरा घेऊन बकुळाची पाठ शिवत.