वरची पट्टी कापलेल्या पत्रिका

—बसा हो रामकिसनकाका, त्या कागदाच्या गठ्ठ्यावर बसा, काई व्हत न्हाई त्याला. लग्नाची पत्रिका आजच पाहिजे, बराबर हाय. मालक पाचच्या गाडीनं औरंगाबादहून येतील अन् उतरल्या उतरल्या तेच इचारतील — मला म्हाईत न्हाई का? सकाळीच दम देऊन गेलेत, टेंभुर्णीवाल्यांची पत्रिका आज न्हाई झाली तर वसंता, उद्यापासून मी दुसरा माणूस बघतो. पण छपाईचे शिशाचे खिळेच मोकळे न्हाईत ना! बघा की, ह्या खोक्यात अक्षरं राह्यली कुठं? समदी ह्या पानात अडकून पडली. कुणाचं पान म्हणजे? मपलंच. कथा हाय. हसा, हसा — खिळे जुळवणारा वसंता कथा लिहितो म्हणलं की समदं जालना हसतं, तुमीच कामून मागं राहता?

वहीत? न्हाई हो, वहीत मला लिहिताच येत न्हाई. बारा वर्षं झाली हात ह्या खोक्यात. मनात शब्द आला की हात आपोआप खिळ्याकडं जातो. खिळा उलटा असतो, ओळ उलटी वाचायची सवय पडली — सुलटं लिहिलेलं मला मपलं वाटतच न्हाई. मंग जुळवायचं, एक प्रत काढायची, खिळे सोडायचे, पुढलं पान धरायचं. असं करून ही कथा तीनदा मासिकाला धाडली, तीनदा वापस आली. तिसऱ्या बारीला संपादकानं सोताच्या हातानं लिहिलं — बाकी सगळं पटतं, तुमचा तो मालक तेवढा खोटा वाटतो, लिहीत राहा. लिहीत राहा! म्हणायला काय जातं? अठरा दिवस झाले, ह्या शेवटच्या पानावर अडून बसलोय. चार ओळी जुळवतो, चार सोडतो. चहा पितो, टेशनापर्यंत चालत जातो, वापस येतो, पुन्हा तेच. जेवणावर मन न्हाई. आमची बेबीनंदा म्हणती, आणा त्या कथेला एकदाची सवत म्हणून घरात, मी तिला बी भाकरी थापून घालीन.

काय हाय कथेत? सांगतो, तवर तुमचा मथळा तरी बसवून ठिवतो — एका माणसाच्या पोरीचं लग्न निघतं, पत्रिका छापून घरी येतात, अन् बाप गठ्ठा सोडतो तर — आं? हात कामून धरला, काका? ...आयला. गणपतीची ओळ उचलली का मी? ती बांधून तयारच असती हो, शंभरातल्या नव्वद पत्रिकांना लागती, हात पहिला तिच्यावरच जातो. तुमी कागदावर साफ लिहिलंय, तथागत बुद्धांना वंदन, अन् मी सोता जयभीमवाला! पुन्हा तेच केलं बघा. पुन्हा तोच हात.

पुन्हा म्हणजे? ...मी पुन्हा म्हणलो का?

म्हणलो खरं. आता काय लपवू, तुमी बापाच्या वयाचे. बहात्तरच्या दुष्काळानंतर माझ्या बहिणीचं, सत्यशीलाचं लग्न निघालं. मालक म्हणले, पत्रिका मपल्याकडून घे, अन् ते गेले शहागडला, सासुरवाडीला. छापखान्यात मी एकला. दीडशे पत्रिका ह्या हातानं छापल्या अन् दीडशेच्या दीडशेवर गणपतीची ओळ! माझा बाप अप्पाराव — छप्पन्न साली नागपूरला जाऊन आलेला, घरातले देव सोताच्या हातानं नदीत सोडलेला माणूस. त्यानं पत्रिका बघितली अन् इचारलं, हे कुणी केलं रे? अन् माझ्या तोंडातून गेलं, मालकानं. दुसरा कागद तवा मिळायचा न्हाई. बाप कात्री घेऊन उंबऱ्यावर बसला अन् एकेका पत्रिकेची वरची पट्टी कापत राह्यला, दीडशे पट्ट्या. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, टोपी घालून इथं आला, मालकाला जाब इचारायला. मालक म्हणले, दादा, मी तर चार दिवस शहागडला व्हतो, कालच आलो. हे मला मालकांनीच मागून सांगितलं. पण बाप घरी आला तवा मी दारात उभा, अन् पाव्हणे इचारतेत, काय म्हणला मालक? बाप म्हणला, चूक झाली म्हणला, माफी मागितली त्यानं. बस. माझ्याकडं बघितलं बी न्हाई. मागच्या साली गेला, तवर एकदा बी इषय काढला न्हाई. मी बी न्हाई काढला. आज सांगू, उद्या सांगू... लाज वाटली हो, दुसरं काय.

अन् कथेत काय केलं मी? मालकालाच चोर ठिवला! मंग बाप घरी येऊन बोलणार काय? अठरा दिवस त्याला दारात उभा करून ठिवलाय अन् बोल म्हणून राह्यलो. कसा बोलंल तो? अरे, जे त्यानं माझ्यासाठी केलं तेच मी कापून टाकलंय की! संपादकाला तिकडं बसून दिसलं, अन् मी इथं —

थांबा. काई बोलू नका, काका. जुळवलेल्या पानाला बांधलेला हा दोरा तेवढा धरा तिकडून — हां, ओढा. ओढा म्हणतो ना! ...गेलं पान. जाऊ द्या. खिळे मोकळे झाले, पण तुमच्या पत्रिकेला न्हाईत, आज न्हाई. रागावू नका, लग्नाला तीन हप्ते हायेत. उद्या सकाळी छापून मी सोता टेंभुर्णीला आणून देतो, मालकांनी हाकललं तर बी हातापाया पडून छापीन. आता मला ओळ सुचली, ती मी सोडत न्हाई. उठा. वाटेत मालक भेटले अन् पत्रिका कुणामुळं राह्यली इचारलं, तर खिळे कमी पडले असं काई सांगू नका. वसंतानं ठिवली म्हणून सांगा. नाव घेऊन सांगा.

जा आता.