गोलात उभे गुरुदत्तराव

नाही, पण मी काय मागितलं होतं हो? बढती मागितली होती? बंगला मागितला होता? पाठीवर एक नाव. बस. खेळायच्या शर्टावर पाठीमागे माझं स्वतःचं एक नाव आणि त्याखाली एक नंबर, इतकंच मागितलं होतं, आणि त्याचं जे काय झालं ते आठवलं की तुम्हाला सांगतो, अजून हातातला घास हातात राहतो...

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी गुरुदत्त सबनीस. नोकरी बँकेत, सरकारी बँकेत, म्हणजे खरं तर नोकरी बदलीची आणि मधल्या वेळात बँक. भोपाळला होतो तेव्हा मी 'नये साहब', चेन्नईला 'सार', गुवाहाटीला 'मॅनेजर दादा' आणि इथे कोलकात्यात 'बँकेर बाबू'. लोकांना माझं नाव पाठ होईपर्यंत माझं सामान ट्रकमध्ये चढलेलं असतं. बरं, बाहेरचं सोडा, घरी तरी? घरी आमची अलका. पंचवीस वर्षं होऊन गेली लग्नाला, लग्नात उखाणा घेतला तेव्हा एकदा माझं नाव घेतलं, तेही इतकं हळू की भटजींनी 'काय म्हणालात?' म्हणून विचारलं. त्यानंतर नाही. त्यानंतर नुसतं 'अहो'. 'अहो, चहा.' 'अहो, गॅस संपला.' 'अहो, झोपलात का?' आता मला सांगा, अशा माणसाने पाठीवर एक नाव मागितलं, तर त्यात काय चुकलं?

तर झालं असं, की आमच्या वस्तीत, म्हणजे इथे त्याला पाडा म्हणतात, तर पाड्यात एक क्लब आहे, आणि तो क्लब दर थंडीत आमच्या मराठी मंडळाला फुटबॉलच्या मैत्रीच्या सामन्याला बोलावतो. मैत्रीचा कसला? ते गोल करतात आणि आम्ही मैत्री करतो. दरवर्षी आम्ही हरतो, मग ते आम्हाला नलेन गुडाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, रसगुल्ले खायला घालतात, आम्ही 'पुढच्या वर्षी बघा' म्हणतो आणि घरी येऊन कंबर शेकतो. आणि अंगात काय, तर ज्याच्या घरी जो पांढरा शर्ट असेल तो. यंदा क्लबचा सेक्रेटरी बापीदा आला आणि म्हणाला, "दादा, इस बार जर्सी होगा. एस्प्लनेड मार्केट से बनवा देगा. नाम चाहिए, नंबर चाहिए, बोलो."

लगेच मंडळाची बैठक. बैठक आमच्या दत्तात्रय काळ्यांकडे, कारण ते मंडळाचे अध्यक्ष, केंद्र सरकारात मोठे अधिकारी, आणि संघाचे कप्तानही. मैदानाच्या बरोबर मध्यावर उभे राहतात, कारण कुठल्याच बाजूला पळता येत नाही. ते म्हणाले, आणि ते कसे बोलतात माहितीये ना, फाइलवर शेरा मारल्यासारखे, "हे पाहा, संघ म्हणजे संघ. नाव नको, नंबर नको. पाठीवर नाव आलं की माणूस पास देत नाही. सगळे एकसारखे दिसले पाहिजेत." मी उठलो. उसळीची वाटी खाली ठेवून उठलो. म्हटलं, काळेसाहेब, संघात माणसं असतात ना? गोल अडवला तर कुणी अडवला हे कळायला नको? गेली दोन वर्षं मी गोलकीपर, आणि बाकड्यावर बसणारा एक म्हातारा प्रेक्षक मला काय म्हणतो, 'ओई लंबा लोक', तो उंच माणूस! अहो, माझं नाव आहे! आयटीतली पोरं माझ्या बाजूने, चंद्रकांत ऑडिटवाला माझ्या बाजूने, आणि शेवटी ठरलं, नावं घालायची. त्या रात्री मला झोप नाही. आरशासमोर पाठ करून उभा राहिलो, अलका म्हणाली, "अहो, पाठ दुखतेय का?"

आता इथे चूक कुठे झाली ते ऐका. बापीदाने नावं विचारायला फोन केला तो दिवस नेमका आमच्याकडे इन्स्पेक्शनचा. मीच म्हणालो, मी, स्वतः, या तोंडाने, "बापीदा, सगळे ऑफिसात आहेत, तुम्ही घरी विचारून घ्या, घरी सगळं माहीत असतं." आणि या बापीदाची पद्धत काय? बंगाल्यांची दोन नावं असतात, एक कागदावरचं आणि एक घरचं, आणि क्लबचा नियम असा की मैदानावर घरचं नाव. त्यांच्या सेंटर फॉरवर्डच्या पाठीवर काय लिहिलंय? घोंटू. हा घोंटू दातांचा डॉक्टर आहे, टक्कल आहे त्याला, त्याने माझी दाढ काढलीय, आणि पाठीवर घोंटू! लाज नाही, काही नाही, उलट छाती फुगवून फिरतो. तर बापीदाने आमच्या घरोघरी फोन फिरवला आणि प्रत्येक बाईला, म्हणजे त्याच्या 'बौदी'ला, वहिनीला, एकच प्रश्न विचारला, "बौदी, कागज वाला नाम नहीं चाहिए. दादा को घर में क्या बोल के बुलाता है?"

काय सांगितलं असेल? तुम्हीच सांगा, काय सांगितलं असेल?

सामन्याच्या दिवशी मैदानावर गठ्ठा आला. आधी का नाही आला, तर 'होए जाबे दादा, होए जाबे', होऊन जाईल म्हणे. मी सगळ्यांत पुढे. दोरी मी तोडली, वरची जर्सी मी उचलली, उलटी केली... आणि माझे डोळे पांढरे झाले. इंग्रजीत, ही एवढी मोठी अक्षरं, ए, एच, ओ. अहो. मी म्हटलं ही कुणाची? दुसरी उचलली. अहो. तिसरी. अहो. काळेसाहेबांची अहो, चंद्रकांतची अहो, गठ्ठा निम्मा होईपर्यंत अहो, आणि त्याच्याखाली आयटीतली तरुण पोरं, ज्यांच्या बायका त्यांना बरोबरीने हाक मारतात, त्यांच्या पाठीवर काय, तर 'अरे'. आणि आमचा उन्मेष, लग्न व्हायचंय, घरी आई, त्याच्या पाठीवर 'मेल्या'. उन्मेषने ती जर्सी बघितली आणि गवतावर खालीच बसला. काळेसाहेब मात्र माझ्याकडे बघून इतकं शांत हसले ना, म्हणाले, "चला, सबनीस. झाले सगळे एकसारखे."

मी काय मागितलं होतं हो? पाठीवर एक नाव!

बदलायला वेळ नव्हता, घातल्या. बाकड्यावर तो म्हातारा बसलेला, माकडटोपी कानांवर ओढलेली, त्याने आमच्या रांगेकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं आणि मला विचारतो, "सब एक ही फॅमिली? आहो फॅमिली? वाह, जॉइंट फॅमिली!" आणि पोरांकडे बोट दाखवून, "ये 'अरे' लोग छोटा भाई?" मी मान हलवली. आणि बापीदा माइकवर. त्याला वाटतंय आपण काय सुंदर काम केलं. "आहोने बॉल दिया आहो को, आहो से फिर आहो, सुंदर, बहुत सुंदर, ओई देखो मेल्या दौड रहा है..."

पण खरी गंमत पुढे. बायका सगळ्या कडेला सतरंजीवर. कुणीतरी ओरडली, "अहो, मागे बघा!" सगळे वळले. अख्खा संघ वळला! बॉल एकीकडे, आम्ही सगळे सतरंजीकडे तोंड करून उभे. आणि नंबर तरी उपयोगाला यावेत की नाही? नंबर पाठीवर! आम्ही बायकांकडे वळलो की नंबर तिकडे गेले. दुसरी ओरडली, "तुम्ही नव्हे हो, आमचे हे!" मग आमचे हे कोण म्हणून सगळे एकमेकांकडे बघतायत. पण झालं काय, समोरचे लोक इतके हसायला लागले, घोंटू तर गुडघ्यांवर हात ठेवून हसतोय, की मध्यंतर झालं तरी गोल नाही. शून्य-शून्य! आमच्या मंडळाच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. काळेसाहेबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. ते तडक सतरंजीपाशी गेले आणि फर्मान काढलं, "आता 'अहो' बंद. ज्याला हाक मारायची त्याचं नाव घ्या. सामना वाचवायचाय."

बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले हो. नाव? चारचौघांत? नुसतं? सतरंजीवर एकदम शांतता. दुसरा अर्धा भाग आम्ही त्या शांततेत खेळलो, आणि फार चांगले खेळलो. संपायला थोडा वेळ राहिला, अजून शून्य-शून्य. मी दोन बॉल अडवले. मी! आणि एवढ्यात घोंटू डावीकडून सुटला. मी नेमका उन्हाच्या बाजूला बघत होतो, मला तो दिसलाच नाही. अलकाला दिसला. ती उठून उभी राहिली, पदर खोचला, तोंड उघडलं... "गु..." म्हणाली आणि अडकली. बाकीच्या बायका लागल्या, "अलकाताई, घ्या, घ्या नाव!" ती लाल झाली. तिच्या तोंडातून नुसतं नाव येईना. पंचवीस वर्षांची सवय, नाव यायचं तर उखाण्यातूनच येणार, आणि तिने, तुम्हाला खोटं वाटेल, त्या मैदानावर, घोंटू बॉल घेऊन येत असताना, सुरुवात केली, "हावड्याच्या पुलाला खांब नाही मधे..."

आणि मी थांबलो. काय करणार? मला पावलांचा आवाज येत होता, बापीदा माइकवर किंचाळत होता, काळेसाहेब 'सबनीस, सबनीस' करत धावत येत होते, आयुष्यात पहिल्यांदा धावले, आणि मी गोलात उभा राहून बायकोच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, आता घेईल. आता माझं नाव घेईल. इतकी वर्षं थांबलो, आणखी एक ओळ थांबू.

बॉल गेला. आणि बाई उखाणा अर्धा कसा सोडेल? तिने तो पुरा केला, खणखणीत आवाजात, "गुरुदत्तरावांनी बॉल सोडला दोन पायांमधे!"

टाळ्या. सतरंजीवर टाळ्या, क्लबच्या टाळ्या, त्या म्हाताऱ्याच्याही टाळ्या. आम्ही एक-शून्यने हरलो.

 घरी येताना गल्लीच्या तोंडाशी राहवेना, विचारलं, अलका, एवढं अवघड आहे का गं माझं नाव? ती चालता चालता म्हणाली, "नाव काय, बँकेतला शिपाईसुद्धा घेतो. कागदांवर असतं, दारावर असतं. 'अहो' फक्त मी म्हणते." खरं सांगतो, गल्लीतला दिवा जरा अंधूक दिसला मला. म्हटलं, गुरुदत्ता, पंचवीस वर्षं तुझं खरं नाव कानावर पडत होतं आणि तू शर्टावर शोधत बसलास. इथे ही गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं...

पण संपली नाही ना. दुसऱ्या दिवशी भाजीला गेलो दोघं. भाजीवाला दुरूनच, "आहोदा! ओ आहोदा! कोबी ताजा है!" म्हटलं कोण आहोदा? तर मीच. गोल खाल्ला ना, प्रसिद्ध झालो. औषधांच्या दुकानात आहोदा, इस्त्रीवाला आहोदा, घोंटू दुसरी दाढ बघताना 'आहोदा, मुँह खोलिए'. बँकेत लोक येतात, 'आहोबाबू हैं?' एवढ्या बदल्या झाल्या, पण एकाही गावाने अशी घरच्यासारखी हाक मारली नव्हती हो. आणि अलका? अलका भाजीवाल्यासमोर जी थिजली, ती थिजलीच. घरी येऊन पिशवी ठेवली आणि म्हणाली, "तो कोबीवाला तुम्हाला अहो म्हणतो?" बस.

त्या दिवसापासून तिने 'अहो' टाकलं. म्हणते, गावाने उष्टावलेला शब्द मी वापरणार नाही. नाव घे म्हटलं तर नाव अजून घेत नाही. मग हाक कशी मारते? मारतच नाही. चहा झाला की कप टेबलावर जरा जोरात ठेवते, आणि मी वळतो.