नवा राउटर आणि मुलाचा चेहरा

फायबरचं ऐका. नवं कनेक्शन घेतलं, तरी पुण्याचा आमचा मुलगा व्हिडिओ कॉलवर धुरकटच दिसे. बायको रोज डाफरे, "लेकराचं तोंड नीट दिसन म्हनून घेतलं ना हे?"

तपासायला आलेला माणूस म्हणाला, "काका, वेग दारापर्यंत पुरा येऊन राह्यला. तुमचा जुना राउटर तेवढा पुढं सोडूच शकत नाही."

मला लगेच पटलं. मी उभा जन्म सरकारी कचेरीत काढलाय.

नवा राउटर लागला, मुलगा लख्ख दिसला. बायको स्क्रीनला नाक लावून पाहत राहिली.

"काहून रे, केस पांढरे झाले तुये?"

"आई, कवाचेच झाले."

कॉल संपल्यावर ती हळूच म्हणाली, "जुनाच लावा जी. त्याच्यात लेकरू अजून लेकरूच दिसे."