पाचवं देऊळ

मोरेश्वर: ...आणि अकरावं देऊळ झालं तेव्हा घड्याळात दुपारचे दोन! सगळं पायी, सिद्धेश. टॅक्सीचं नाव नाही.

उत्तरा: चार. चार देवळं.

मोरेश्वर: दुसऱ्या देवळाच्या तळ्यात कासव, चारशे वर्षांचं. मला बघून त्यानं मान लववली. आईशप्पथ! तिसऱ्यात हत्तीएवढी घंटा. दोरानं ओंडका ओढून मी एकच टोला हाणला, तर खालच्या रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या.

उत्तरा: सिग्नल लाल होता.

सिद्धेश: काका, एक सेकंद. मी आमच्या जपान ट्रिपची शीट बनवतोय, आज नेत्राला पाठवायचीय. क्योतोमध्ये आम्हाला एकच फुल डे आहे यार. चार लिहू की अकरा?

उत्तरा: चार लिही. आणि त्याखाली ठळक अक्षरांत लिही, बूट एकाच ठिकाणी ठेवणे.

सिद्धेश: म्हणजे?

उत्तरा: सांगा की आता. इतका वेळ तोंड चाललं होतं ना?

मोरेश्वर: अरे, आपली जुनी युक्ती. देवळात जाताना एक चप्पल या कोपऱ्यात, दुसरी त्या कोपऱ्यात. चोर एका चपलेचं काय करणार? नाशकात होतो तोवर माझी एक जोडी गेली नाही.

उत्तरा: जपानात कोण चोरणार होतं हो? माझी छत्री राहिली तर दुकानदार गल्लीभर मागे धावत आला. आणि चौथ्या देवळात यांनी काय करावं? यांचा डावा नि माझा उजवा, दाराशी एका खणात. उरलेले दोन पार मागच्या मांडणीत.

सिद्धेश: ओह नो.

मोरेश्वर: दुप्पट बंदोबस्त!

उत्तरा: तिथल्या आजोबांना वाटलं, कुणी दोन बावळट पाहुणे एकमेकांचे बूट घालून निघून गेले. त्यांनी दारातली विजोड जोडी उचलली आणि टेकडीखालच्या ऑफिसात जमा केली. हरवलेल्या वस्तूंमध्ये. तीनशे पायऱ्या खाली.

मोरेश्वर: सातशे.

उत्तरा: तीनशे. मी मोजल्यात. एका पायात माझा डावा बूट, दुसऱ्यात देवळातली हिरवी प्लॅस्टिकची सपात, आणि गुडघा सहा महिन्यांपूर्वी बदललेला. निम्म्या पायऱ्यांवर तो असा टम्म फुगला. चहाच्या टपरीपाशी बाकावर बसले. हे 'आलोच' म्हणून ऑफिस शोधायला गेले ते दीड तासानं उगवले. तोवर पाचवं देऊळ बंद झालेलं.

सिद्धेश: मग पाचवं लिस्टमध्ये नको?

उत्तरा: तेच आधी टाक. सकाळी पहिलं. त्याच्यासाठीच तर मी गेले होते रे. ते बघ, पँट्रीच्या दाराला आतून.

सिद्धेश: हे कॅलेंडर? नाइन्टी-फोरचं?

उत्तरा: माझ्या लॅबमधल्या मिचिकोनं दिलेलं, आमची अनया झाली त्या वर्षी. नोव्हेंबरचं पान मी उलटलंच नाही. रात्री दोन-दोनदा बाटली गरम करायला उठायचे ना, तर समोर त्या देवळातलं हे लाल झाड, पाण्यावर ओणवलेलं. म्हणायचे, एकदा याच्याखाली जाऊन बसेन.

सिद्धेश: ब्यूटिफुल आहे. तिथेही शूज काढावे लागतात का?

मोरेश्वर: लागतात. जुने लाकडी खण आहेत, डाव्या हाताला. तिथं मात्र मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. शहाण्या मुलासारखे!

उत्तरा: कुठं?

मोरेश्वर: अं?

उत्तरा: दोन्ही शेजारी कुठं ठेवले?

मोरेश्वर: ते... तिसऱ्या देवळात.

उत्तरा: तिसऱ्यात घंटा होती. उघड्यावर. बूट काढायचेच नव्हते.

सिद्धेश: काकू, मी निघू का? नेत्राला ग्रोसरीला—

उत्तरा: बस तू. मी तिथं बाकावर बसलेय, एका पायात सपात, तुमची वाट बघत. आणि तुम्ही आत गेलात?

मोरेश्वर: ऑफिस दहा मिनिटांत मिळालं. पाचवं देऊळ पुढच्याच वळणावर. परत वर येऊन तुला खाली आणेपर्यंत ते बंद झालं असतं गं. तुझा गुडघा तसा. म्हटलं, निदान मी बघून येतो, तुला सांगता येईल.

उत्तरा: मग सांगितलं का नाही? वर्ष होत आलं. मासा मारून आणला असतात तर तो देवमासा झाला असता. आणि इथं वर्षभर तोंडातून शब्द नाही! आता सांगा. वाढवायचं मात्र नाही.

मोरेश्वर: तळं आहे. लहान. आपल्या पार्कातल्यापेक्षाही लहान. कासव वगैरे काही नाही. एक बाई पानं झाडत होती.

उत्तरा: आणि झाड?

मोरेश्वर: झाड नाही.

उत्तरा: नाही म्हणजे?

मोरेश्वर: बुंधा आहे. गुडघ्याएवढा. त्यावर शेवाळ चढलंय. मी खुणेनं त्या बाईला विचारलं, तर तिनं दोन्ही हातांनी वारा करून दाखवला. आणि मग हात असा आडवा केला. मला तुझ्यापाशी येऊन ते सांगवेना. म्हणून म्हटलं, बंद होतं.

(उत्तरा पँट्रीचं उघडं दार हळूच लावून घेते.)

सिद्धेश: सॉरी, काकू.

उत्तरा: थांब रे. यांच्या अकरा देवळांची चार होतात. सातशे पायऱ्यांच्या तीनशे होतात. मग या झाडाचं मी काय समजू? होतं की नव्हतं?

मोरेश्वर: नव्हतं, उत्तरा. आईशप्पथ.

उत्तरा: कासवालाही आईचीच घेतलीत.

मोरेश्वर: एकदा तरी विश्वास ठेव माझ्यावर.

उत्तरा: ठेवला होता. 'आलोच' म्हणालात तेव्हा.

सिद्धेश: काकू, मग... शीटमध्ये पाचवं ठेवू?

उत्तरा: ठेव. सकाळी पहिलं. झाड असो, बुंधा असो, जे असेल त्याचा फोटो काढ. आणि मला पाठव. यांना नको.