लाल गाडीचे आरसे

शांतवन: दाराला भोक पाडायचं न्हाई म्हंजे न्हाई. तुझ्या अब्बानं हातानं ठोकून सरळ केलेलं दार हाय हे, परवेझ.

परवेझ: पाडलंच नाही, सर. पुढच्या काचेच्या चौकटीला क्लॅम्प लावलाय, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा. उद्या काढले आरसे तरी ओरखडा दिसायचा नाही.

ग्रेस: आणि आरसे कुठले?

परवेझ: बुलेटचे, ताई. आधी ट्रॅक्टरचे लावून बघितले. मिरजगावात तेच मुबलक. सर म्हनले, गाडी हत्तीवानी दिसती.

ग्रेस: जुनी स्पोर्ट्स कार आणि मोटारसायकलचे आरसे. पप्पा, तुम्हाला चाललं हे? वायपर कंपनीचाच पाहिजे म्हणून अख्खा पावसाळा गाडी झाकून ठेवली होतीत.

शांतवन: कंपनीचे आरसे पार पुढं, बॉनेटच्या कडंला. त्यात मागचा रस्ता हरभऱ्याएवढा दिसायचा. तवा मान वळायची, म्हणून चालून गेलं. हे गोल हायेत, गाडीला शोभत्यात. मी पसंत केलेत.

ग्रेस: चालून गेलं नाही. ईस्टरला चर्चच्या आवारात गाडी मागं घेताना लंकाबाईंच्या द्राक्षाच्या पाटीवर घातलीत.

शांतवन: पाटी भरून दिली की लगेच.

ग्रेस: पाटीजवळ लंकाबाई बसलेल्या असत्या तर काय भरून दिलं असतंत?

परवेझ: ताई, त्यासाठीच तर आरसे बदलले.

ग्रेस: म्हणूनच आले मी. हे बघ परवेझ, पप्पांच्या मानेचे मणके झिजलेत, मान वळत नाही. चावी माझ्याकडं आहे आणि रविवारी पुण्याचा एक माणूस गाडी बघायला येतोय. यांना आरशात मागचं नीट दिसलं, तर त्याला येऊ नका म्हणून कळवते. नाही दिसलं तर गाडी त्याची.

शांतवन: आत्ताच कळवून टाक. कशाला बिचाऱ्याला ताटकळत ठेवतीस?

ग्रेस: आधी बसा गाडीत. मी मागं जाऊन उभी राहते. माझ्या हातात काय आहे ते आरशात बघून सांगायचं.

शांतवन: आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, आता पोरगी डोळ्यांची परीक्षा घेणार. घे बाई.

(ग्रेस गाडीच्या मागे जाते.)

ग्रेस: हं, सांगा.

परवेझ: सांगा की, सर.

शांतवन: थांब जरा. आभाळ दिसतंय. लिंबाचा शेंडा दिसतोय.

परवेझ: असं कसं? सकाळी तुमाला इथंच बसवून सेट केले. गेटापर्यंत सगळं दिसतंय, तुमीच म्हनले.

शांतवन: हळू बोल.

परवेझ: बरं, ऐका. ताई डाव्या चाकामागं हायेत. हातात त्यांच्या...

शांतवन: गप. उद्या कर्जतच्या रस्त्याला तू हायेस व्हय कानात सांगायला?

ग्रेस: पप्पा, काय चाललंय तुमचं?

शांतवन: दिसत न्हाई, ग्रेस.

ग्रेस: काहीच नाही?

शांतवन: तू न्हाई न् तुझा हात न्हाई. आत्ता चावी असती तरी मी गाडी हलवली नसती.

ग्रेस: मग ठरलं. पुण्याला फोन करते.

शांतवन: जरा दम धर. परवेझ, सीटखाली हात घाल. गादी हाय बघ, काढ.

परवेझ: सकाळी हिच्यावर बसला हुता व्हय? मला वाटलं, सीटच तेवढी उंच हाय.

शांतवन: ग्रेसची रिक्षा दिसली तशी सारली खाली.

ग्रेस: गादी कशाला लपवायची?

शांतवन: लाज वाटली. ही बिनटपाची गाडी आणली तवा ताठ बसलो की डोकं पुढच्या काचेच्या वर जायचं. तुझी आई म्हनायची, मुंडी खाली घ्या, वारं लागंल. आता गादी घेतल्याबिगर रस्ता दिसत न्हाई. बाप असा खाली गेलेला तू बघावा, असं वाटंना.

ग्रेस: बसा गादीवर. परत विचारते.

परवेझ: सर, पाठ टेकवा. हां, असं. आरशाला हात लावू नका, आहे तसाच राहू द्या.

शांतवन: आता कसं. गेट दिसतंय. गेटाजवळ परवेझची स्कूटर, तिच्यावर मांजर. अन् डाव्या आरशात तू. उगी डोळे पुसतीस.

ग्रेस: मी हातात काय आहे ते विचारलंय.

शांतवन: एका हातात ओढणीचं टोक. दुसऱ्या हातात चावी.

ग्रेस: आणते. परवेझ, ती गादी सरकणार नाही असं काहीतरी कर. रविवारी आम्हाला चर्चला जायचंय.