मेगाराचा लसूण

अथेन्सच्या चौकाजवळ न्हाव्याकडे नंबर लावून बसलेला फिलाग्रोस ऐकत होता. न्हाव्यापुढे डेक्सिथेओस मान वाकवून बसला होता.

“काल सभेत शेजारच्या मेगारा शहराशी लढायला हात वर केलात म्हणे?” न्हाव्याने विचारलं.

“सगळ्यांचेच वर होते. म्हटलं, जातील तरणी पोरं.”

“मग?”

“चौकात यादी लागली. तिसरं नाव माझं. तीन दिवसांची शिदोरी घेऊन या म्हणतात.”

“वहिनी रडल्या असतील.”

“कसली रडते. म्हटलं, भाकरी-कांदा बांध, लसूण जरा जास्त टाक. तर म्हणाली, लसूण मेगाराहून यायचा, तो काल तुम्हीच बंद केलात. आता तिकडे निघालाच आहात, तर येताना घेऊन या.”

दुकानात हशा पिकला. फिलाग्रोस मात्र नंबर सोडून चौकाकडे निघाला. काल त्यानेही हात वर केला होता, आणि यादी अजून पाहिली नव्हती.