दातावर दात

बाई : डॉक्टर म्हणाले, ज्याने कवळी बनवली त्यालाच जाऊन दाखवा, म्हणून आले. कवळी छान बसलीय, हलत नाही, चावता येतं. पण हा डावीकडचा दात बघा. शेजारच्यावर चढलाय.

कारागीर : हो.

बाई : हो काय? हात चुकला तुमचा.

कारागीर : नाही. मुद्दाम चढवलाय. तुमचा तसाच होता.

बाई : होता ना. सत्तर वर्षं बाळगला. गेल्या वर्षी वरचे सगळे काढले, तेव्हा बाकीच्यांचं वाईट वाटलं, ह्याचं नाही. आणि तुम्ही त्याला परत आणून बसवलंत? पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. तोंडावर हात न ठेवता एक तरी फोटो काढायचा होता मला.

कारागीर : हे मला माहीत नव्हतं. विचारायला हवं होतं. हा तक्रारीचा कागद. इथे लिहा, 'न विचारता दात वाकडा बसवला.' खाली सही.

बाई : अहो, थांबा जरा. दात दिसेल असा एक फोटो नाही माझा, घरीसुद्धा. तुम्हाला कळलं कसं?

कारागीर : पाचवीत आणि सहावीत मी तुमच्या वर्गात होतो. खिडकीकडची रांग, तिसरा बाक.

बाई : घंटा व्हायच्या आधीच कान झाकून बसायचा, तो तू?

कारागीर : तोच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तुमचं नाव होतं, पण तेच नाव दुसऱ्या कुणाचंही असू शकतं. मग खालच्या दातांचा साचा आला, आणि खात्री पटली.

बाई : माणसं चेहऱ्यावरून ओळखतात रे.

कारागीर : मला ते नीट जमत नाही. तुम्ही म्हणायचात, 'बोलताना माझ्याकडे बघ.' दोन बोटांनी हनुवटी वर करायचात. डोळ्यांत बघितलं की मला तुमचं बोलणं कळेनासं व्हायचं. दोन्ही एकदम होत नाही माझ्याच्यानं. म्हणून दातांकडे बघायचो. तुम्हाला वाटायचं, डोळ्यांतच बघतोय.

बाई : आणि मी मुख्याध्यापकांना सांगून आले होते, पोरगा सुधारला म्हणून. हे असं का होतं, ते कधी कळलं तुला?

कारागीर : एकोणचाळिसाव्या वर्षी. भाचीला तपासायला नेलं होतं. डॉक्टरीणबाई प्रश्न तिच्याबद्दल विचारत होत्या, उत्तरं माझी जुळत होती. ऑटिझम. स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द मला पटत नाही. मी स्वतःत कुठे मग्न होतो? मी तुमच्या दातात होतो.

बाई : ऐकून वाईट वाटलं असेल.

कारागीर : हलकं वाटलं. तोवर मी समजायचो की सगळ्यांनाच असं होतं, ते सोसतात आणि मी नाटकं करतो.

बाई : 'नाटकं' हा माझा शब्द.

कारागीर : हो, तुमचाच.

बाई : मग ही घासायची मशीन? केवढी किंचाळते. ती चालते तुला?

कारागीर : तिचं बटण माझ्या हाताखाली आहे. घंटेचं नव्हतं.

बाई : मी तुझे हात कानांवरून खाली ओढायचे. चुकलं का रे माझं?

कारागीर : हो.

बाई : जरा विचार तरी करायचास.

कारागीर : करून झालाय. पुष्कळ वर्षं केला. तुम्हाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्रास व्हायचा तो व्हायचाच.

बाई : बरोबर आहे तुझं. मला वाईट वाटतंय. पण मग माझा दात एवढा लक्षात का ठेवलास?

कारागीर : तुमचा चेहरा सारखा बदलायचा. रागावलात की एक, कुणी आलं की दुसरा. मला त्याचा पत्ताच लागायचा नाही. तो दात कधी बदलायचा नाही. त्याच्याकडे बघितलं की बरं वाटायचं. हसताना तुम्ही हात ठेवायचात, तेव्हा मला वाटायचं, मला शिक्षा म्हणून झाकताय.

बाई : लाज वाटायची म्हणून झाकायचे.

कारागीर : कशाची?

बाई : जाऊ दे. मी हा कागद लिहिला तर तुझं काय होईल?

कारागीर : मालक काढतील. न विचारता काही करायची ही तिसरी वेळ आहे.

बाई : आणि तरी तूच म्हणतोयस, लिहा.

कारागीर : घडलंय तसंच. लिहा, आठ दिवसांत सरळ करून देतो.

बाई : आण ते पेन. हं. घे, वाच.

कारागीर : 'दात आहे तसाच राहू द्यावा. हसून पाहिलं. तक्रार नाही.' बाई, तुम्हाला सरळ हवा होता. माझ्या नोकरीसाठी लिहिताय?

बाई : थोडं त्यासाठी. जास्त माझ्यासाठी. सत्तर वर्षांत ह्याच्याबद्दल कुणी बरं बोललं नव्हतं. येऊ दे त्यालाही फोटोत.

कारागीर : पण 'हसून पाहिलं' लिहिलंय. आल्यापासून दोनदा हसलात, दोन्ही वेळा हात ठेवून.

(बाई हसतात. हात मांडीवरच राहतो.)

कारागीर : हां. आता लावतो फायलीला.